कल्याणचा बिशप आणि निसिबिस नगर

कल्याणाहून चौलास निघालेलें गलबत रेवसपाशीं आलें कीं डाव्या हातास धरमतरच्या खाडीचें मुख लागे. ही वाट फार जुनी. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत हीं दोन्हीं बंदरें एकामागून एक येतात, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेलीं आहेत.

या कल्याणाविषयीं अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस यानें सहाव्या शतकाच्या मध्यास एक गोष्ट नमूद केली आहे. तेथें ख्रिस्ती लोकांचा बिशप असे व त्याची नेमणूक इराणांतून होई. कॉस्मसचें कल्याण दक्षिणेकडे शोधणारे पंडितहि आहेत. पण तांबें, शिसवी लाकूड व कापड हा त्यानें सांगितलेला माल मला तरी आपल्याच कल्याणचा वाटतो.

हा बिशप रोमन साम्राज्यांतून न येतां इराणांतून कां यावा? याचें बरेंचसें उत्तर निसिबिस नगराच्या इतिहासांत सांपडतें.

निसिबिस म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण सीमेवरील नुसैबिन. रोम व इराण यांच्या सरहद्दीवरचें हें ठाणें. दोन्ही साम्राज्यांचा व्यापार येथेंच व्हावा, असें २९८ च्या तहांत ठरलें होतें. येथला बिशप याकोब ३२५ सालीं नायसियाच्या धर्मपरिषदेस हजर होता. इराणचा राजा दुसरा शापूर यानें नगरास तीन वेळां वेढा घातला, आणि तीनहि वेळां तो हात हालवीत परत गेला. ३५० सालीं तर त्यानें नदीचें पाणी अडवून तटावर सोडलें. तट एके ठिकाणीं कोसळला. पण त्याच पाण्याच्या चिखलांत त्याचे हत्ती रुतले, आणि नगरवासीयांनीं आंतून नवी भिंत उभारली.

जें वेढ्यांनीं साधलें नाहीं तें तहानें साधलें. ३६३ सालीं सम्राट ज्युलियन इराणच्या स्वारींत मारला गेला. त्याच्या जागीं आलेल्या जोव्हियननें सैन्य सुखरूप परत नेण्यासाठीं निसिबिस देऊन टाकलें. साम्राज्याची मदत नको, आमचें आम्ही लढतों, अशी लोकांनीं विनवणी केली. ती फुकट गेली. तीन दिवसांत नगर सोडण्याचा हुकूम झाला. प्रत्यक्ष पाहणारा इतिहासकार अम्मियानस सांगतो कीं, लोक दाराच्या चौकटींना मिठी मारून रडत होते, आणि ओझ्याचीं जनावरें न मिळाल्यानें लोक मोलाचें सामान मागें टाकून चालले होते. कवि एफ्रेम यालाहि नगर सोडावें लागलें; पुढें तो रोमन हद्दींतील एडेसा येथें राहिला.

सरहद्द अशी सरकली आणि निसिबिस इराणी ख्रिस्तमंडळाचें एक प्रमुख पीठ झालें. रोमचे धर्मबंधु म्हणून इराणांत या लोकांवर संशय येई, छळहि होई. ४२४ सालीं त्यांनीं आपलें मंडळ पश्चिमेच्या अधिकारापासून स्वतंत्र ठरविलें. ४८९ सालीं सम्राट झेनोनें एडेसाची पाठशाळा बंद केली, तेव्हां ती विद्या निसिबिसला आली, व तेथून इराणी मंडळाचे धर्मगुरु शिकून बाहेर पडूं लागले.

इराणी आखातांतून कोंकणाकडे गलबतें येतच होतीं. कल्याणचा बिशप त्याच वाटेनें आला असावा. त्याच्या प्रार्थनेची भाषा ग्रीक किंवा लॅटिन नव्हे, तर सुरयानी असणार.