आवरता हात

पेस्टल म्हणजे रंगाची पूड अगदीं थोड्या डिंकानें बांधून केलेली कांडी. ती कागदावर ओढली कीं रंगाचे कण कागदाच्या खरखरीत पृष्ठांत अडकतात. त्या सुट्या कणांवरून प्रकाश विखुरतो, आणि म्हणूनच या चित्रांना फुलावरील परागासारखी टवटवी येते. परंतु त्याच जागीं पुनः पुनः हात फिरविला, तर कागदाची खरखर बुजते, रंग एकमेकांत कालवून मळकट होतात आणि नवा रंग धरेनासा होतो. थोडे आणि निश्चित फटकारे, हा या माध्यमाचा धर्मच होय. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें या धर्माचें पालन आणि उल्लंघन हीं दोन्हीं एकाच चित्रकाराच्या हातून घडलीं.

१७२० सालीं व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा पॅरिसला आली. तिनें बालराजा पंधराव्या लुईचें चित्र काढलें, आणि त्याच वर्षीं तेथील राजाश्रित कला-अकादमीनें तिला सभासद करून घेतलें. तिच्या यशानें पेस्टलला प्रतिष्ठा आली, आणि मॉरिस कांतँ द ला तूर (१७०४–१७८८) यानें हेंच माध्यम पत्करलें. मोठें व्यक्तिचित्र रंगविण्यापूर्वीं तो केवळ चेहऱ्याचीं चित्रें काढी. गालावर एखादा तांबूस फटकारा, डोळ्यांत एक पांढरा ठिपका, आणि भोंवतालचा बराचसा कागद मोकळाच! रेघ न् रेघ वेगळी दिसते, तरीहि ओठांवरचें हसूं जिवंत वाटतें.

पुढें मात्र परिपूर्णतेच्या ध्यासानें त्याला ग्रासलें. १७४६ सालीं अकादमीला दिलेलें चित्रकार रेस्तू याचें व्यक्तिचित्र त्याला उतारवयांत अपुरें वाटूं लागलें. त्यानें तें पुन्हां हातीं घेतलें आणि सुधारतां सुधारतां बिघडवून टाकलें.

त्याच काळांतील शार्दँ (१६९९–१७७९) याचें उदाहरण याच्या उलट आहे. डोळे अधू झाल्यानें सत्तरी ओलांडल्यावर तो पेस्टलकडे वळला. १७७१ आणि १७७५ सालच्या त्याच्या आत्मचित्रांत रंगाच्या रेघा न पुसतां शेजारीं शेजारीं ठेवलेल्या आहेत. दुरून पाहणाऱ्याला त्यांतूनच वृद्ध त्वचा दिसते.

ला तूरचें कसब शार्दँहून उणें नव्हतें. उणा पडला तो हात आवरण्याचा संयम. त्यानें निव्वळ तयारी म्हणून काढलेले चेहरे त्याच्या जन्मगांवीं, सँ-कांतँ येथील संग्रहालयांत, आहेत. दोन शतकांहून अधिक काळ लोटला तरी ते ताजे वाटतात. कारण सुधारणेचा हात त्यांच्यापर्यंत पोहोंचलाच नाहीं.