दोन बोटं क्लचवर

काका मोटारसायकल चालवतो तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. रस्ता मोकळा असो, गाडी टॉपला संथ चाललेली असो, तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर टेकलेलंच. आज तो अडुसष्ट वर्षांचा आहे. ही सवय त्याला शोलावरमने लावली.

शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धात बांधलेली विमानांची धावपट्टी. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवायला सुरुवात केली. 1990 च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईला शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला ट्रॅक आला. तोवर गाडीवेड्या पोरांची पंढरी हीच. मुंबई-पुण्याची पोरंही तिकडेच जायची.

काका पहिल्यांदा गेला तो म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी घेऊन. मद्रास मेलच्या ब्रेकव्हॅनमध्ये गाडी चढवायची तर टाकी कोरडी करून, हँडलला गोणपाट गुंडाळून द्यावी लागे. त्याआधी दोन महिने नाना पेठेतल्या आमच्या गॅरेजमध्ये रात्र रात्र जागरण. हेड घासायचं, पोर्ट कानशीने मोठे करायचे, पत्रा वळून सायलेन्सर घरीच वेल्ड करायचा. शर्यतीचं ऑइल एरंडेलाचं असे. ते जळताना येणारा गोडसर वास काकाच्या कपड्यांना आठवडाभर राही आणि आजी ते कपडे वेगळे धुवायची. मला हे सगळं ऐकून माहीत. पण एरंडेलाचा वास आला की अजूनही मला काकाचीच आठवण येते, इतक्या वेळा त्याने ते सांगितलंय.

1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 राजदूत नावाने आणली. दोन सिलिंडर, सहा गिअर. पेट्रोल पिणारी म्हणून घरगुती गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठ फिरवली, पण शर्यतवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. काकाला एका मित्राची मिळाली. मद्रासचं ऊन भयंकर. तापलेली हवा विरळ होते, म्हणून पेट्रोलही थोडं कमी द्यायचं, हे गणित त्याला पाठ होतं. त्याने कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट लहान लावला. सरावात गाडी अशी पळाली की त्याने तो आणखी एक नंबर लहान केला. शेवटच्या फेरीत सरळ पट्टीवर इंजिनाचा आवाज बदलला. आत कुणी वाटीवर चमचा वाजवावा तशी बारीक किणकिण.

"आवाज मला आला होता रे," काका दर वेळी इथे थांबतो. "मी ऐकला आणि सोडून दिला. एकच फेरी राहिली होती."

पेट्रोल कमी पडून तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये धरला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि काका काँक्रीटवरून घसरत गेला. हंसळीचं हाड मोडलं. टू-स्ट्रोक सीझ झाली तर सावरायला निमिषभर मिळतं. तेवढ्यात क्लच दाबला तर चाक सुटतं, नाहीतर नाही. तेव्हापासून ती दोन बोटं क्लचवर.

गॅरेजच्या बाकावर रोज संध्याकाळी सुभेदार काका येऊन बसायचे. ते ईएमईतले, सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणारे. साठच्या दशकात लडाखला होते. 1962 मध्ये सपाटीवरचे जवान विमानाने थेट लेहला उतरवले गेले आणि तिथून आणखी वर गेले, हे त्यांनी जुन्या सोबत्यांकडून ऐकलं होतं. धडधाकट पोरं शत्रूची गोळी न लागता आजारी पडायची. रात्री खोकला, गुलाबी फेस, सकाळी संपलेला. कित्येकदा त्याला न्यूमोनिया समजलं जाई. तो न्यूमोनिया नव्हता, उंचीमुळे फुप्फुसात साचलेलं पाणी होतं. अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी 1960 मध्ये असा रुग्ण नोंदवला, पण उंचीच्या आजाराचा मोठा अभ्यास आपल्या लष्करी डॉक्टरांनी केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1969 चा लेख 1,925 जवानांच्या निरीक्षणावर उभा आहे. उंचीच्या आजारावर आज जगभर जे शिकवलं जातं, त्यात या जवानांचा वाटा आहे, आणि आपल्याकडे फार थोड्यांना ते ठाऊक आहे. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हिमालयातले जुने लोक या त्रासाला विषाची हवा म्हणत. खिंडीतल्या झुडपांच्या वासाने माणूस गुंगतो, अशी समजूत होती. खरं तर हवेत विष नसतं. ऑक्सिजनचं प्रमाणही तेच, सुमारे एकवीस टक्के. पण वर हवेचा दाबच कमी. लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश. म्हणजे एका श्वासात जो प्राणवायू मिळायचा तोही त्याच प्रमाणात घटला.

सुभेदार काकांना सैन्याचा नियम तोंडपाठ होता. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार, त्याच्या वर आणखी चार. तेवढे दिवस झाल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. "आणि कुणी अडखळायला लागला," ते म्हणायचे, "की त्याला जमिनीवरच्या रेघेवरून चालवायचा. टाचेला अंगठा लावून. तोल गेला तर डोक्यात सूज. मग रात्र असो, बर्फ असो, त्याला खाली आणायचा." आम्ही पोरं त्या रेघेवर चालायची स्पर्धा लावायचो. गॅरेजच्या फरशीवर खडूची रेघ, आणि सुभेदार काका पंच.

सुभेदार काका गेले. 2022 च्या जुलैमध्ये काका आणि मी मनालीहून लेहला निघालो. तो त्याच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटवर, मी फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाडीवर. ज्यांनी सहल आखून दिली त्यांनी पहिलाच मुक्काम सारचूला ठेवला होता. मनाली साडेसहा हजार फुटांच्या जरा वर, सारचू चौदा हजारांच्या वर. एका दिवसात. अटल बोगदा 2020 मध्ये खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट चढायची गरज उरली नाही. नऊ किलोमीटरचा बोगदा संपला की तुम्ही लाहौलमध्ये. आम्हाला ती सोयच वाटली.

दारच्याच्या अलीकडे काकाची बुलेट काळा धूर सोडायला लागली. खेचेना. त्याने गाडी बाजूला घेतली, प्लग काढून मला दाखवला. टोकावर ओलसर काजळी. बरोबर चाललेल्या इंजिनाचा प्लग बिस्किटासारखा तपकिरी असतो. इथे हवा कमी पडत होती आणि पेट्रोल तेवढंच जात होतं. त्याने खिशातून औषधाच्या बाटलीचं झाकण काढलं, त्यात तीन मेन जेट. हरभऱ्याएवढे पितळी नग, मधे सुईच्या नेढ्याएवढं भोक. लहान नंबराचा बसवला, सुईची क्लिप एक खाच वर घेतली. पंधरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो. माझी गाडी मस्त चालली होती. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हवा मोजतो आणि पेट्रोल आपोआप कमी करतो.

आज कळतं, घोटाळा तिथेच झाला. काकाची गाडी त्याला मैलामैलाला सांगत होती की आपण वर चाललोय. माझी गप्प होती. बोगद्याने घाट लपवला, सेन्सरने उंची लपवली. पंधरा मिनिटांत बदलता येईल असा जेट शरीराला नसतो. तिथे आधी श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकतात, आणि त्या कामाला दिवस लागतात.

बारालाचा खिंडीत, सोळा हजार फुटांवर, डोकं दुखायला लागलं. सारचूच्या तंबूत भात समोर आला आणि ओकारी झाली. मी काकाला म्हटलं, थकवा आहे, झोपलो की बरं वाटेल. रात्री दोनच्या सुमारास बाहेर जायला उठलो तर बुटाची नाडी बांधता येईना. बोटं होती, नाडी होती, पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. काका बॅटरी घेऊन जागाच होता. त्याने मला बाहेर नेलं, बुटाच्या टाचेने मातीत एक रेघ ओढली.

"चाल."

तिसऱ्या पावलाला मी त्याच्या अंगावर पडलो.

मी तेव्हाही वाद घातला. उद्या लेह, एवढं आलोय, सकाळपर्यंत बघू. काका चढ्या आवाजात बोलला नाही. "मला आवाज येतोय," एवढंच म्हणाला आणि तंबूवाल्याला उठवायला गेला.

सारचूची अडचण अशी की दोन्ही बाजूंना खिंडी. परत खाली यायचं तर आधी पुन्हा बारालाचा चढावा लागतो. तंबूवाल्याने जीप काढली, ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या मांडीवर दिला. गाड्या तिथेच राहिल्या. उजाडताना आम्ही केलाँगला होतो, दहा हजार फुटांवर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि मेंदूला सूज यायला सुरुवात झाली होती असं सांगितलं. संध्याकाळी मी बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या. काका समोर बसून बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सुभेदार काकांच्या दहाव्याला.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मनालीहून जिस्पा, तिथे दोन रात्री. डॉक्टरांना विचारून उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या आधीपासून सुरू केल्या. सारचूला थांबलो नाही. उंच खिंडी दिवसा ओलांडल्या आणि लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहिलो.

तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने निघणार असाल तर कळकळीने सांगतो, मनालीहून निघून पहिली रात्र सारचूला काढू नका. डोकं दुखत असेल तर वर जाऊ नका. आणि सोबतचा माणूस रेघेवरून चालू शकला नाही, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली आणा.