स्टोव्हची दुरुस्ती : एक भाषिक साक्ष
घरगुती यंत्रांचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. विक्रेत्याच्या दुकानातून तो निराळा दिसतो. प्रायमस स्टोव्हचेच उदाहरण घ्यावे. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने तो १८९२ मध्ये सिद्ध केला. पंपाने टाकीतील हवेचा दाब वाढला की तेल तापलेल्या बर्नरमध्ये चढते, त्याची वाफ होते व ती निपलच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडून जळते. हे छिद्र काजळीने वारंवार बुजते. पंपातील चामड्याची चकती वाळली की दाब टिकत नाही. साहजिकच खरेदीने व्यवहार संपत नसे. पिन आणि चकती यांसाठी गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी पुन्हा चढावीच लागे.

या व्यवहाराची साक्ष शब्दांत आहे. 'स्टोव्ह', 'बर्नर' यांनी लेखनात इंग्रजी रूप राखले. ते पाटीवर व जाहिरातीत वाचले गेले म्हणून, असे आमचे मत आहे. 'वॉशर'चा 'वायसर' मात्र कारागिराच्या तोंडून, कानावाटे आला. इंधनाचेही तसेच : 'रॉक ऑइल'चे रॉकेल, 'गॅसलाइट'चे घासलेट. (वायूच्या दिव्याचे नाव तेलाला चिकटावे, ही मौजच.) 'पिन मारणे' हा प्रयोग तर शिक्का मारणे, खिळा मारणे यांच्या पंक्तीस सहज जाऊन बसला.