काळ्या रानातील घूस आणि धान्याची बिळे

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात पसरलेल्या गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. अशा जमिनीत बीळ टिकवणे अवघड असूनही शेतातील लहान घूस (शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस) बांधालगत अनेक फाट्यांची बिळे खोदते, त्यांची तोंडे मातीने बुजवते आणि सुगीत कणसे आत साठवते. या साठवणुकीचा मोलाचा दाखला मद्रास सरकारचे अधिकारी वॉल्टर इलियट यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांच्या यादीत सापडतो: तळी खोदणारे वडार लोक घुशी पकडून खात, बिळे उकरून धान्य काढत आणि एका बिळातून कधी अर्धा शेर दाणे, ज्वारीच्या अख्ख्या कणसांसह, मिळत. मातीकाम हाच व्यवसाय असलेल्या या कष्टकरी समाजाचे जमिनीविषयीचे ज्ञान येथे दिसते. घूस असे धान्य साठवत असली, तरी १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये उंदरांनी पिके फस्त केली, तेव्हा त्यांत घुशीपेक्षा मऊ केसांचा रानउंदीर आणि लांब शेपटीचा जर्बिल हे प्रमुख होते.