फसणे आणि फसवणे

‘गाडी चिखलात फसली’ या वाक्यात गुन्हेगार कोणी नाही. पाऊस पडला, रस्ता खचला, चाक अडकले. ‘त्याने मला फसवले’ या वाक्यात मात्र एक कर्ता येऊन उभा राहतो आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा हेतूही. मूळ क्रियापद एकच. मराठीने त्याचे प्रयोजक रूप केले, एक ‘व’ जोडला आणि अपघाताचा अपराध झाला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत आर्थिक फसवणुकीचे जे खटले चालतात, त्यांतला बचाव बहुतेकदा या एका ‘व’भोवती फिरतो. गुंतवणूकदाराचे पैसे बुडाले, हे अनेकदा दोन्ही पक्षांना मान्य असते. तो फसला की त्याला फसवले, यावर वाद असतो.

इंग्रजी ‘फ्रॉड’ हा शब्द लॅटिन ‘फ्राउस’वरून आला. त्याचा प्रवासही असाच आहे. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या रोमच्या ‘बारा पट्टिका’ या कायद्यात त्याचा अर्थ हानी, तोटा असा आहे. कपट हा अर्थ पुढे रूढ झाला. म्हणजे आधी नुकसान दिसले आणि मग त्यामागचे मन शोधले गेले. ‘फेडरल’ (संघीय) हा शब्द ‘फोएदुस’ म्हणजे करार यावरून आला, आणि त्याचे मूळ ‘फिदेस’ म्हणजे विश्वास या शब्दाच्या कुळातले आहे. ‘फेडरल फ्रॉड’ या जोडशब्दात विश्वास आणि त्याचा घात शेजारी शेजारी बसले आहेत.

अमेरिकेतला फसवणुकीचा संघीय कायदा टपालातून जन्मला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर खोट्या सोडती आणि बनावट योजना पोस्टाने घरोघर पोचू लागल्या. त्यांना आळा घालण्यासाठी 1872 साली टपालाद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा कायदा झाला. 1952 मध्ये तार, टेलिफोन, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्यासाठी त्याचे भावंड आले. आजचे ईमेल त्याच कलमात बसतात. 2002 साली दोन्हींची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून वीस वर्षांवर गेली. इतक्या कडक कायद्यात फसवणुकीची व्याख्या मात्र दिलेली नाही. ‘फसवणुकीची योजना किंवा क्लृप्ती’ एवढेच तो म्हणतो. पण हे शब्दही बोलके आहेत. ‘योजना’ युज् म्हणजे जोडणे या धातूपासून आली. ‘क्लृप्ती’ आणि ‘कल्पना’ एकाच धातूच्या लेकी. नकळत कोणी योजना आखत नाही आणि झोपेत कोणाला क्लृप्ती सुचत नाही. 1896 साली ड्युरलँड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्यात भरघोस परताव्याचे वचन देऊन रोखे विकले गेले होते. ते वचन पाळले गेले नाही, एवढ्यावर गुन्हा ठरत नाही. वचन देतानाच ते पाळायचे नव्हते का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणूनच अशा खटल्यात बचावाचा वकील हिशेबाच्या वह्यांपेक्षा तारखा अधिक बारकाईने वाचतो. ताळेबंद चुकला, पण तो चुकल्याचे अशिलाला कधी कळले? गुंतवणूकदारांना पत्र गेले त्या दिवशी त्याच्यापुढे कोणते आकडे होते? त्याने लेखापरीक्षकाला विचारले होते का? प्रामाणिक समजुतीने वागलेल्या माणसाकडे फसवणुकीचा हेतू नसतो, हा या बचावाचा कणा आहे. ‘वकिलाच्या सल्ल्याने वागलो’ असेही म्हणता येते, पण त्याला किंमत आहे. वकिलाशी झालेले त्या विषयावरचे गोपनीय बोलणे मग उघड करावे लागते. 1999 साली नीडर खटल्यात आणखी एक अट पक्की झाली. खोटे विधान व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असले पाहिजे. कुठल्याही किरकोळ चुकीवर फसवणुकीचा डोलारा उभारता येत नाही.

आपल्याकडे वर्तमानपत्रे अशा प्रकरणांना सरसकट ‘घोटाळा’ म्हणतात. घोटाळणे म्हणजे एकाच जागी घुटमळणे, गोंधळणे. पाय घोटाळतो, मन घोटाळते. नावांचा घोटाळा होतो तेव्हा कोणी कोणाला लुबाडलेले नसते. ‘अफरातफर’चेही तसेच. अरबीतला ‘इफ्रात’ म्हणजे अतिरेक, ‘तफ्रीत’ म्हणजे उणीव. या जोडीची हिंदी-उर्दूत ‘अफरातफरी’ झाली आणि तिचा अर्थ गोंधळ, धावपळ असा राहिला. मराठीत तिला पैसा खाण्याचा अर्थ चिकटला. दोन्ही शब्द मुळात अव्यवस्थेचे. आज आपण ते गुन्ह्यासाठी वापरतो. ‘अपहार’ तसा नाही. ‘अप’ म्हणजे दूर, ‘हृ’ म्हणजे नेणे. नेणारा हात त्या शब्दात जन्मापासून आहे. न्यायालयात हे दोन अर्थ समोरासमोर येतात. सरकारी वकील अपहार मांडतो आणि बचावाचा वकील तीच कागदपत्रे दाखवून घोटाळा, म्हणजे नुसता गोंधळ, मांडतो.

आता ‘पांढरपेशा’ घेऊ. पांढरा आणि फारसी ‘पेशा’ म्हणजे व्यवसाय यांचा हा शब्द जुना आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणच्या महसुली दप्तरांत जमिनीच्या साऱ्यात सवलत असलेल्या प्रतिष्ठित वर्गाला पांढरपेशे म्हणत. ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही जोडी मात्र इंग्रजीवरून आली. 27 डिसेंबर 1939 रोजी फिलाडेल्फियात एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने अध्यक्षीय भाषणात ‘पांढऱ्या कॉलरची गुन्हेगारी’ ही कल्पना मांडली. प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या ओघात करतो तो गुन्हा, असे त्याचे म्हणणे. गुन्हा हा दारिद्र्याचाच परिणाम, या समजुतीला त्याने धक्का दिला आणि तो आवश्यक होता.

पण त्याच्याच पुस्तकाने दुसरा प्रश्न उभा केला. 1949 साली ते छापताना त्याने अभ्यासलेल्या 70 कंपन्यांची नावे काढावी लागली. फौजदारी न्यायालयात दोषी न ठरलेल्यांना गुन्हेगार म्हटले तर बदनामीचे दावे होतील, अशी प्रकाशकाला भीती होती. नावांसह संपूर्ण आवृत्ती 1983 मध्ये निघाली. पुस्तक छापण्याआधीच, 1947 साली, कायदा आणि समाजशास्त्र दोन्ही शिकलेल्या पॉल टॅपनने गुन्हेगार नेमका कोण, असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला होता. न्यायालयाने दोषी ठरवलेलाच गुन्हेगार, हे त्याचे उत्तर. समाजाचा अभ्यास करणाऱ्याला सदरलँडची व्यापक नजर हवी. एका माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तेव्हा मात्र टॅपनच बरोबर आहे, असे मला ठामपणे वाटते.

मराठीत या भूमिकेला एका शब्दाचा भक्कम आधार आहे, ‘आरोपी’. आ + रुह् या धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘आरोप’ आला. अर्थ वर चढवणे, ठेवणे. वृक्षारोपणातला ‘आरोप’ तोच. वेदान्तात दोरीवर सापाचा अध्यारोप होतो. साप तिथे नसतो, पाहणारा तो ठेवतो. आपणही ‘आरोप ठेवला’ असेच म्हणतो. जे दुसऱ्याने ठेवले ते खरे असल्याचे दाखवण्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची. अमेरिकन कायद्यात हे तत्त्व ठळकपणे कोरले गेले ते 1895 च्या कॉफिन खटल्यात, आणि तो खटला खुनाचा नव्हता, इंडियानापोलिसच्या एका बुडालेल्या राष्ट्रीय बँकेच्या पैशांचा होता. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला वाजवी संशयाचा नियम समजावला, पण आरोपी निर्दोष मानूनच सुरुवात करायची, हे सांगायला नकार दिला. ही चूक मानून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ज्या तत्त्वाचा आधार पुढे गरिबातल्या गरीब आरोपीलाही मिळाला, ते एका पांढरपेशी खटल्यात तावून सुलाखून निघाले.

बचावाच्या बाजूचे आपले शब्दही जपण्यासारखे आहेत. ‘वकील’ अरबी, ज्याच्यावर काम सोपवले तो. पेशवाईत दुसऱ्या दरबारी आपली बाजू मांडणारा प्रतिनिधी म्हणजे वकील. ‘जामीन’ हा मुळात कागद किंवा रक्कम नव्हे, हमी देणारा माणूस. ‘मी त्याला जामीन राहतो’ यात तो अर्थ अजून जिवंत आहे. आणि ‘कैफियत’ ही अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’ यावरून आली. काय झाले हे फिर्याद सांगते, कसे झाले हे कैफियत सांगते. हेतूवर उभ्या असलेल्या खटल्यात या ‘कसे’ला मोल सर्वांत जास्त. अमेरिकेत संघीय गुन्ह्यांचे दहातले नऊहून अधिक खटले ज्यूरीपर्यंत जातच नाहीत. बहुतेक गुन्ह्याची कबुली देऊन मिटतात. त्यामुळे कैफियत बहुधा भर न्यायालयात नव्हे, सरकारी वकिलाच्या टेबलापाशी मांडावी लागते, आणि ती तिथे नीट मांडणारा वकील नसेल तर ती कुठेच ऐकली जात नाही.

पैसे गमावलेल्या माणसाचा संताप खरा असतो आणि खऱ्या ठकाला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यासाठी शब्द सैल सोडायची गरज नाही. ज्याच्याकडे बोट आहे तो संशयित. ज्याच्यावर दोष ठेवला तो आरोपी. न्यायालयात ज्याचा दोष सिद्ध झाला तोच दोषी. बातमी लिहिणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी आणि पुढे पाठवणाऱ्यांनी हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.