भिरुडाचा दात

चेन-सॉची कुळकथा सांगणारा माणूस तिला हमखास बाळंतिणीच्या खोलीत नेतो. एडिनबरोचे डॉक्टर जॉन एटकिन यांनी 1785 साली प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात साखळीच्या करवतीचं चित्र छापलं. बाळ अडलं, की आईच्या ओटीपोटापुढचा हाडांचा सांधा मोकळा करायला ती वापरायची. ग्लासगोचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक जेम्स जेफ्रे यांनीही अशी साखळी आपल्याला स्वतंत्रपणे सुचल्याचं सांगितलं. त्यांना ती किडलेले सांधे कापून काढायला हवी होती. आधी कोण, यावर वाद आहे. माझ्या मते दोघांपैकी कुणीच मूळपुरुष नाही. त्या साखळीच्या दोन टोकांना दोन मुठी होत्या, आणि ती सर्जनने मागेपुढे ओढायची. साखळी ज्याच्या कडेने फिरते तो बार तिला नव्हता आणि ती गोल फिरत नव्हती. तिचा खरा वंश पुढे 1894 साली इटलीच्या लिओनार्दो जिग्लीने काढलेल्या तारेच्या करवतीत उतरला. ती तार सर्जन आजही वापरतात.

गोल फिरणारी साखळी सापडते ती 1830 साली, जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइनकडे. एका पात्याच्या कडेने दातेरी साखळी आणि ती फिरवायला हँडल, असं त्याचं हाड कापायचं यंत्र होतं. चित्र पाहिलं की पटतं, हीच ती. पण हाइन आणि लाकूड कापणारी जर्मन यंत्रं यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांची पोकळी आहे, आणि ती भरायला हाइनची गरजच पडत नाही. दरम्यान सायकलने साखळी आणि दातेरी चाक गावोगाव नेलं होतं. कुठल्याही हुशार मेकॅनिकला तेवढं पुरे होतं. आंद्रेआस श्टिलची विजेवरची करवत 1926 ची, एमिल लेर्पची पेट्रोलवरची 1927 ची. दोन्ही उचलायला दोन माणसं लागत. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

मला जे कूळ लावायचं आहे ते साखळीचंही नाही आणि इंजिनाचंही नाही. ते दाताचं आहे. त्याचा दुवा मला नेरुळमध्ये, एक बंद पडलेली चेन-सॉ चालू करताना मिळाला.

ही मशीन रायगडातल्या एका बागेतली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आडवी झालेली झाडं तोडायला घेतलेली, आणि काम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून पडवीत टाकून दिलेली. दोरी ओढली की इंजिन फिरायचं, कॉम्प्रेशन चांगलं होतं, प्लगला ठिणगीही पडत होती. पेट्रोलच पोचत नव्हतं. चेन-सॉ आडवी-उलटी कशीही धरली तरी चालते, कारण तिच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखा तरंगता गोळा नसून रबरी पडदा असतो. हा पडदा पापडासारखा कडक झाला होता. पेट्रोलमधलं इथेनॉल आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि असं पेट्रोल साचून राहिलं की जुन्या मशीनची रबरं खराब होतात. पडद्यांचा संच, टाकीतली नळी आणि फिल्टर बदलला, कार्बोरेटरची बारीक भोकं हवेने साफ केली, ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल घातलं. इंजिनाने आधी भरपूर धूर सोडला आणि मग सूर धरला.

मशीन चालू झाली, पण कापेना. समोर वाळलेल्या आंब्याचा ओंडका होता. चेनखालून पीठ पडत होतं. जाणत्या माणसाला तेवढ्यावरून कळतं : दात बोथट असला की पीठ पडतं, धारदार असला की ढलप्या निघतात. मग गोल कानस घेऊन एकेका दाताला धार लावली. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्हींची तोंडं विरुद्ध बाजूंना, आणि प्रत्येक दात आतून पोकळ, वरून वाकवलेला. पुन्हा ओंडक्याला लावली तशा ढलप्या उडाल्या, आणि कापात अंगठा जाईल एवढं भोक उघडं पडलं. आत भिरूड होतं.

आंब्याची बाग असलेल्या कोकणी घरात हे नाव निघालं की माणसं गप्प होतात. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही अळी, शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. ती खोडात शिरून आतून झाड पोखरते. मी तिचं डोकं भिंगाखाली धरलं. काळेभोर, टणक जबडे, आणि त्यांची हालचाल आपल्यासारखी वर-खाली नाही, आडवी. डावा आणि उजवा समोरासमोर येतात आणि लाकूड कोरून काढतात. मांडीवर चेन होतीच. दोन्हींकडे आलटून पालटून पाहिलं.

हे साम्य माझ्या डोक्यातलं नाही. अमेरिकेतल्या ऑरेगनचा लाकूडतोड्या जो कॉक्स याने 1946 साली एका बुंध्यात अशीच अळी लाकूड खाताना पाहिली. तोवरच्या चेनला हातकरवतीचेच दात असत. ते लाकूड ओरबाडायचे आणि त्यांना धार लावण्यातच बराच वेळ जायचा. ही अळी मात्र आडव्या आणि उभ्या, दोन्ही रेषांतून सारख्याच सहजतेने वाट काढत होती. कॉक्सने तिचे जबडे पोलादात उतरवले आणि 1947 च्या नोव्हेंबरात पोर्टलंडमध्ये नव्या दाताची चेन विकायला काढली. आजची जवळजवळ प्रत्येक चेन त्याच दाताची. कॉक्सची अळी अर्गेटस जातीची, पण घराणं तेच, सेरँबिसिडी. म्हणजे हापूस पोखरणारं भिरूड तिची भावकीच.

यावर सुतार म्हणेल, कसली अळी, हा तर रंधा! त्याचं म्हणणं वजनदार आहे. प्रत्येक दातापुढे एक बुटकी गाठ असते. ती दाताला ठरावीक खोलीपलीकडे, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपलीकडे रुतू देत नाही. रंध्याचा तळ पात्याला असाच आवरतो. अळीला अशी गाठ नाही. तिला ती लागतही नाही, कारण ती इंजिनाच्या वेगाने धावत नाही. तेव्हा गाठ रंध्याची, हे मी मान्य करतो. पण रंधा लाकडाच्या रेषेबरोबर चालतो, रेषेला आडवा घातला की फाडतो. आडव्या रेषेत डावी-उजवी पाळी लावून कोरत जायचं, ही रीत रंध्याची नाही. हातकरवतीचे दात डावी-उजवीकडे झुकलेले असतात हे खरं, पण ते ओरखडतात, कोरत नाहीत. ती रीत भिरुडाच्या घराण्याचीच.

आणखी एक पुरावा दुकानात मिळतो. पुढे चौकोनी कोपऱ्याचे दात आले, त्यांना फुल चिझल म्हणतात. स्वच्छ, मऊ लाकडात ते फार वेगाने कापतात. पण आपल्याकडचं खोड धुळीने माखलेलं, त्यात जुनी चिंच असली तर विचारायलाच नको. तिथे त्या कोपऱ्याची धार लगेच जाते. गोल खांद्याचा दात, कॉक्सच्या मूळ दाताच्या जवळचा, हळू कापतो पण टिकतो. जुनी चेन झिजत आली होती, म्हणून तुर्भ्याहून नवी आणली ती गोल खांद्याची.