पाव म्हणजे किती, पप्पा?

परवा पोराला कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो शेंगदाणे आणायला धाडलं. भाव १४० रुपये किलो. पोरगं ४५ रुपये देऊन आलं. विचारलं, अरे पाव किलोचे किती होतात? तर म्हणतं, "पाव म्हणजे किती, पप्पा?" चौथीत आहे. तीसपर्यंत पाढे पाठ, वहीत सगळीकडं बरोबरच्या खुणा. दुकानदाराचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. हा शब्द त्यानं आमच्या घरात कधी ऐकलाच नव्हता.

आमच्या आज्जीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्याकडं मापं होती. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. बघा, सगळा कारभार दुपटीचा आणि निमपटीचा. ज्वारी मोजताना पोरं शेजारी बसायची आणि पाव, निम्मं, पाऊण हातातूनच शिकायची. त्यावर पाठांतर होतं ते पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. अपूर्णांकांचे पाढे! आजोबा सांगायचे, मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. १२ रुपये मण ज्वारी, तर अडीच शेर १२ आण्याला. करून बघा: मण ४० शेरांचा, रुपया १६ आण्यांचा, बरोबर जमतं.

आपल्याकडं याच्यावर आणखी एक ताप होता. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. सरकारी हिशेबानं ७ हाली म्हणजे ६ कलदार. बार्शीच्या बाजारात ६० कलदारला बैल घेतला, तर घरी सांगायचं ७० हालीला पडला. हे गणित शाळेत कोण शिकवणार? १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. शिकवलं ते बाजारानं आणि घरानं.

जुनं ते सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. तोंडी हिशेब पक्का असणारे आमचे आजोबा सावकाराच्या कागदावर अंगठाच उठवत होते. कागदावरचा आकडा वाचता येत नसेल, तर अडीचकी कुठं पुरणार? त्यामुळं शाळा आली ते बरंच झालं.

मग १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, रुपयाचे शंभर झाले. मागोमाग शेर जाऊन किलो आला. हिशेब सोपा झाला, यात वाद नाही. पण पावकी-दिडकी गेली आणि तिच्याबरोबर घरातली तोंडी गणितंही कमी होत गेली. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. आम्हीही बातम्या रंगवल्या. पण पोरं घरी दिवसातून किती वेळा आकडा बोलतात, हे आम्ही एकाही पालकाला विचारलं नाही. आता तर मोबाईल दाखवला की पैसे गेले. सुट्टे परत घ्यायचे, मोजायचे, तेवढंही पोराच्या हाताला येत नाही.

म्हणून माळ्यावरचं आज्जीचं मापटं काढलं. चिपटं सापडलं नाही, त्याच्याऐवजी चहाचा पेला घेतला. पोरगं रोज ज्वारी ओततंय. किती पेल्यांना मापटं भरतं, अर्धं किती पेल्यांना, त्याचं अर्धं किती. आठवडी बाजारात भाजीचे पैसे रोख देतो आणि उरलेले किती ते आधी त्यानं सांगायचं. चुकतो. पहिल्या आठवड्यात तीनदा चुकला, भाजीवाल्या मावशी हसल्या. काल मात्र ६० रुपये किलोची गवार पाऊण किलो घेतली. मी मोबाईल काढायच्या आत तो म्हणाला, "पंचेचाळीस. पंधराचे तीन पाव."